खालून का नाही, एवढं विचार

फोंडा,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय शुभा,

तुझे रिपोर्ट आले तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्येच होते. दोन केसच्या मधल्या चहात वाचून काढले. गर्भाशय दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढं, मागच्या भिंतीत पाच सेंटीमीटरची एक गाठ, बायॉप्सी स्वच्छ, हिमोग्लोबिन आठ. ते आठ मला आवडलेलं नाही. तू म्हणतेस चवथीआधी उरकून टाकते. अगो, मोदक उरकल्यासारखं काय उरकतेस? आधी सलाईनमधून लोह घे, रक्त वर येऊ दे.

पिशवी काढायची की नाही, यावर मी वाद घालत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांची बातमी २०१९ साली वाचल्यापासून मी प्रत्येकीला आधी हेच विचारते, पण तू दोन वर्षं गोळ्या खाल्ल्यास, गर्भाशयात हार्मोन सोडणारी मिरेना बसवलीस तीही रक्ताबरोबर पडून गेली. आता पुरे. प्रश्न आहे तो वाटेचा. पुण्यातल्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर दोन वाटा ठेवल्या, दुर्बिणीतून नाहीतर रोबोटने, आणि रोबोटचं पॅकेज थोडं पुढे सरकवलं. तिसरी वाट तुला कोणी सांगितलीच नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मधेमधे बोलतेस.

तिसरी वाट म्हणजे खालून, योनीमार्गातून. अंग बाहेर आलेल्या आजीबाईंचं ऑपरेशन असं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिशवी जागच्या जागी असली तरी होतं. थिएटरमध्ये त्याला एनडीव्हीएच म्हणतात. पोटावर एक टाका नाही. बहुतेक वेळा कमरेतल्या इंजेक्शनवर भागतं, पूर्ण भूल लागत नाही. आणि ही वाट सगळ्यांत जुनी. लांगेनबेक नावाच्या जर्मन सर्जनने १८१३ साली ती चोखाळली, तेव्हा भूल नावाची गोष्टच नव्हती! दुर्बिणीतून पहिली पिशवी निघाली ती १९८८ साली, अमेरिकेत, हॅरी राइश यांच्या हातून. जुनं म्हणजे मागासलेलं असं मात्र समजू नकोस. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजने २०१७ साली पुन्हा सांगितलं की कॅन्सर नसेल आणि शक्य असेल तर खालूनच काढा. जगभरच्या चाचण्या एकत्र करणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्याचाही कल तिकडेच.

माझं चार वर्षांपूर्वी असंच झालं. आमच्या मॅडमनी केलं. मी जागी होते आणि कोणतं हत्यार कोणाच्या हातात जातंय हे आवाजावरून ओळखत होते. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालले. घरी आल्यावर शेजारच्या काकी पोट बघून म्हणाल्या, ‘‘व्रण खंय गो? खरंच ऑपरेशन केलंय ना?’’

दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट नाही, उगाच घाबरू नकोस. बेंबीतून कॅमेरा, बाजूला दोन-तीन लहान छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबू केल्यासारखी जागा करायची. टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, म्हणजे आतडी वर सरकतात. पूर्ण भूल द्यावीच लागते. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणून बायका घाबरतात. तो गॅसचा प्रताप. गंमत म्हणजे इतकं करून सुटी झालेली पिशवी बऱ्याचदा बाहेर येते ती खालच्याच वाटेने. फार मोठी असेल तर तुकडे करतात. ते पोटात मोकळे करू नयेत, एखाद्या गाठीत लपलेला कॅन्सर पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१४ साली दिला होता. तसं करायची वेळ आली तर बॅगेत करणार का, हे विचारून ठेव.

मला खरी धास्ती असते मूत्रवाहिनीची, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीची. गर्भाशयाची रक्तवाहिनी तिच्या अगदी वरून जाते. तिथे रक्त थांबवायच्या करंटची उष्णता लागली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. मी एका ठिकाणी (नाव नको) पाहिलंय, बाई हसत घरी गेली आणि आठव्या दिवशी लघवी झिरपत परत आली. खालून करतानाही इजा होते, मूत्राशयाला होऊ शकते, पण मूत्रवाहिनीला धोका दुर्बिणीत जास्त.

रोबोट म्हणजे दुर्बिणीचंच ऑपरेशन, फक्त सर्जन बाजूला बसून यंत्राचे हात चालवतो. मनगटासारखी वळणारी हत्यारं आणि खोली दाखवणारं चित्र, अवघड ठिकाणी खरंच कामाची. पण साध्या केसमध्ये? अमेरिकेत अडीच लाखांहून जास्त बायकांचे आकडे तपासून २०१३ साली एक अभ्यास आला. गुंतागुंत दुर्बिणीएवढीच आणि खर्च दोन हजार डॉलरहून जास्त. तुझे पैसे झाडाला लागलेत काय?

मग खालची वाट कोणी सांगत का नाही? माझं मत सांगते, तीस वर्षं रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जागा उघडी धरायचं हत्यार) धरून झालेलं. दुर्बिणीत सगळं पडद्यावर दिसतं, दाराशी उभा असलेला वॉर्डबॉयही बघतो. खालून करताना दिसतं फक्त करणाऱ्याला. शिकणारी मुलं माझ्यासारखीच बाजूला उभी राहून हात दुखवून घेतात आणि काही न पाहता घरी जातात. पाहिलंच नाही तर शिकणार कुठून? मोठे झाल्यावर ती मुलं जे येतं तेच सुचवतात. यात लबाडी नाही. पण तुला ते माहीत असायला हवं.

तुझं सिझेरियन झालंय म्हणून खालून जमणार नाही, असं कदाचित म्हणतील. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी सिझेरियन झालेल्या कित्येक बायकांच्या पिशव्या खालून काढून दाखवल्या. मूत्राशय चिकटलेलं असतं, हात सराईत लागतो, एवढंच. नाही म्हणायला खरी कारणं आहेत. एंडोमेट्रिओसिसने (गर्भाशयाच्या अस्तरासारखं बाहेर वाढून) आत सगळं चिकटलंय, ओव्हरीवर संशयास्पद गाठ आहे, पिशवी नारळाएवढी झालीय. तेव्हा दुर्बीणच बरी, मी स्वतः सांगेन. तुझ्या सोनोग्राफीत यातलं काही नाही. पण आत हात घालून तपासल्याशिवाय पिशवी किती हलते ते कळत नाही आणि तुला अजून तसं कोणी तपासलेलंच नाही, असं तूच लिहिलंयस.

तेव्हा जाशील तेव्हा विचार: खालून का नाही? तुम्ही खालून वर्षाला किती करता? उत्तर ‘फारशा नाही’ असं आलं, तर त्यांच्याकडून खालून करून घेऊ नकोस. एकतर दुसरा डॉक्टर गाठ, नाहीतर त्यांचा हात बसलेल्या दुर्बिणीनेच करून घे. अर्धवट हातापेक्षा ती शंभर पटींनी बरी. आणि ओव्हरी ‘जाता जाता’ काढू म्हणाले तर कशासाठी ते विचार. अठ्ठेचाळीसला त्या अजून कामाच्या आहेत.

कोणत्याही वाटेने झालं तरी सहा आठवडे जड उचलायचं नाही. आतले टाके दिसत नाहीत, म्हणून तर त्यांना जपायचं. चवथीची माटोळी, गणपतीवरची फळांची, तू यंदा पुण्यातच बांध, ऑपरेशन त्यानंतर. मग थेट इकडे ये. वरची खोली तुला नको, जिना चढ-उतर नको, माजघरात खाट घालते. उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं लोणचं आहेच. मासे मात्र मी सांगेन तेव्हाच.

हिमोग्लोबिनचा नवा रिपोर्ट आला की पाठव. मागच्या वेळी फोटो हलला होता, टेबलावर ठेवून काढ.

तुझी,
लता