रात्रपाळीच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
स.न.वि.वि.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. या पत्रात आभारांबरोबर थोडी आगपाखडही होणार आहे, आणि आपल्याकडे सरकारी नोकराचं नाव अशा मजकुरात आलं की कौतुक राहतं बाजूला, 'खुलासा सादर करावा' असा कागद आधी येतो. रुग्णालयाचंही नाव नको. सिंधुदुर्गातलं एक ग्रामीण रुग्णालय, ऑक्टोबरअखेरची एक रात्र आणि फुरसं हा विषारी साप चावलेला एक म्हातारा शेतकरी, एवढ्यावरून ओळखलंत तर ओळखलंत. भातकापणीच्या दिवसांत तुमच्याकडे असे कितीतरी येत असतील.

तो म्हातारा म्हणजे माझे बाबा.

तुमच्या दारात पोचण्याआधीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत नाही. फुरसं घोट्याच्या वर चावलं तेव्हा कातरवेळ झाली होती. आमच्या जिल्ह्यात काही गंभीर झालं की पहिला शब्द निघतो तो 'बांबोळी'. आपलं राज्य सोडून गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जायचं हे इथे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पण बांबोळी काही गावच्या वेशीवर नाही. म्हणून वाटेत हायवेला लागून असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलपाशी गाडी थांबवली. आत लख्ख उजेड, बाहेर कॅशलेस विम्याची भली मोठी पाटी. ग्रिलच्या आतून एक गृहस्थ म्हणाले, "स्नेक बाइट आम्ही घेत नाही, पुढे न्या." निदान बीपी तरी बघा म्हटलं, तर "डॉक्टर नाहीत." ग्रिलचं कुलूप काही निघालं नाही. सोय नसेल तर नसेल, ते मी समजू शकतो. पण बाहेर येऊन माणसाच्या तोंडाकडे बघायला कुठली मशीन लागते?

तिथून तुमच्याकडे आलो. बाबांच्या पायाला शेजारच्या भाऊंनी सुंभाची दोरी करकचून आवळली होती. अशी दोरी बांधू नये हे मला आता माहीत आहे. तुम्हाला ते तेव्हाही माहीत होतं, तरी तुम्ही आल्या आल्या सगळ्यांना फैलावर घेतलं नाहीत. मी सरकारी दवाखान्यात शिव्या खायची तयारी करूनच आलो होतो. तुम्ही दोरीकडे पाहिलंत, भाऊंकडे पाहिलंत आणि म्हणालात, "डॉक्टर आले की हळूहळू सोडू. एकदम नाही सोडायची." भाऊ तोवर दारामागे जाऊन उभे राहिले होते. ते पुढे आले.

काचेच्या नळीत रक्त घेऊन तुम्ही ती खिडकीत उभी करून ठेवलीत आणि सांगितलंत, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या बापाचं रक्त नळीत असं वाहताना बघणं वेगळं. डॉक्टर आले, त्यांनी सापाच्या विषावरच्या औषधाच्या, म्हणजे प्रतिविषाच्या, दहा बाटल्यांची ऑर्डर लिहिली, औषध सुरू होईपर्यंत बाबांच्या उशाशी उभे राहिले. तेवढ्यात हायवेवरच्या अपघातातली माणसं आली आणि ते तिकडे धावले. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तेही एकटेच होते.

ते प्रतिविष म्हणजे पावडर असते हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक बाटलीत पाणी घालायचं, ती दोन तळव्यांत धरून घोळवायची, पावडर पूर्ण विरघळली की पुढची घ्यायची. मी मदतीच्या उत्साहात एक बाटली उचलून हलवायला लागलो, तशी तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "हलवू नका दादा, ताकासारखा फेस येतो." आणि परत घोळवायला लागलात. दहा बाटल्या. रिअॅक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेलं. आणि आतल्या खोलीत एक बाई कळा देत होती. तिचा आवाज वाढला की तुम्ही तिकडे, सलाईनचा थेंब बघायला परत इकडे. वॉर्डात बाकीचे पेशंट होते ते वेगळेच. रात्रपाळीला सिस्टर तुम्ही एक. मदतीला एक वॉर्डबॉय मामा, तेही बराच वेळ अपघातवाल्यांच्या स्ट्रेचरमागे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

तुम्ही खिशातलं बॉलपेन काढलंत आणि बाबांच्या पिंढरीवर, सूज जिथवर चढली होती तिथे, एक आडवी रेघ मारलीत. शेजारी वेळ लिहिलीत, 8.10. मग माझ्या आईला हाक मारलीत. ती तोवर भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून नुसती उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं, मीसुद्धा नाही. तुम्ही तिला स्टूल ओढून दिलंत, पायाशी बसवलंत आणि म्हणालात, "काकू, ही रेघ तुमच्या ताब्यात. सूज हिच्या वर चढली की मला हाक मारायची. लघवी लाल दिसली, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तरी हाक मारायची. मी आत असेन, जोरात मारा, लाजू नका."

माझी आई चौथी शिकलेली. आयुष्यभर तिला दवाखान्यात 'बाहेर बसा' एवढंच ऐकायला मिळालंय. त्या रात्री ती पायाशी बसली ती उठलीच नाही. दर थोड्या वेळाने चष्मा पुसायची आणि वाकून बघायची. तिने तुम्हाला हाक मारली की तुम्ही हातातलं टाकून येत होतात, नवी रेघ मारत होतात, वेळ लिहीत होतात. एकदा तिने उगाच हाक मारली, सूज वाढलेली नव्हती. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "बरं झालं बोलावलंत." एवढ्या गडबडीत हे वाक्य सुचायला काय लागतं, याचा मी अजून विचार करतो. बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून 'काही नाहीये हो, कशाला बोलावता' हेच निघणार, आणि ते निघालं असतं तरी आम्ही तुम्हाला बोल लावला नसता. पण मग पुढच्या वेळी आईने हाक मारली नसती.

पहाटेकडे शेवटच्या दोन रेघा बोटभर अंतरावर आल्या. सहा तासांनी घेतलेलं रक्त नळीत गोठलं. आतल्या बाईला मुलगी झाली. तुम्ही टेबलाशी बसलात ते रजिस्टरं भरायला. चहा पुढ्यात निवला होता, त्याला साय धरली होती. आई मला म्हणाली, "एकटा चेडू काय काय करतला रे?"

एकटी पोर काय काय करणार, आईच्या या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं, आणि माझं कौतुक इथून पुढे थोडं कडवट होतं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयाला पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. हा हिशोब कंजूषपणे तिन्ही पाळ्यांत वाटला, तरी 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोघी लागतात. शिवाय सुट्ट्या-रजांसाठी वेगळी माणसं धरायला तोच निकष सांगतो. म्हणजे तुमच्या शेजारी त्या रात्री आणखी एक सिस्टर असायला हवी होती. ती नव्हती म्हणून तुम्ही माझ्या आईला सिस्टर केलंत. तुमची हुशारी मी जन्मभर विसरणार नाही. पण ज्यांनी ते पद रिकामं ठेवलं त्यांना त्या हुशारीवर फुकट जगायची सवय लागली आहे, हेही विसरणार नाही. 2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. पदं कायम पद्धतीने भरा, कंत्राटदारामार्फत नको, ही त्यातली मुख्य मागणी. तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'पेशंटना वाऱ्यावर सोडलं' म्हणून गळे काढणारे पुष्कळ होते. पेशंटना रोज रात्री वाऱ्यावर कोण सोडतं, हे त्यांनी आमच्या वॉर्डात येऊन बघायला हवं होतं.

सकाळी तुम्ही कपडे बदलून बाहेर आलात ते स्टोअररूममधून. गाद्या, जुने सलाईन स्टँड आणि आत कडी नसलेलं दार. बाहेर मामांना उभं केलं होतंत. मला तिथे उगाच परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएमसारख्या मुंबईतल्या नावाजलेल्या रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, तो त्या ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना. त्यात भान हरपून त्या अंथरुणाला खिळल्या, आणि पुढे 18 मे 2015 ला त्या जाईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. निवृत्त होणारी पुढचीला सोपवून जायची. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्या परिचारिकांची तोंडभरून वाखाणणी केली. वाखाणणी झाली, ते ठीकच. पण इतक्या वर्षांनंतरही सिस्टरला कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली मिळत नसेल, तर त्या गोष्टीतून आपण नेमकं काय घेतलं?

आणि काही बिघडलं की पहिली मान कुणाची धरतात, तेही दिसतंच. नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून 11 कोविड रुग्ण गेले. अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. इमारतीचं वायरिंग आणि आग विझवायची व्यवस्था परिचारिकांच्या कामात कधीपासून मोडायला लागली?

बाबांची जखम चिघळली तेव्हा त्यांना मुंबईला माझ्याकडे आणलं. ड्रेसिंगसाठी जवळच्या एका छोट्या खाजगी नर्सिंग होममध्ये नेत होतो. तिथली सिस्टर विदर्भातली, वय जेमतेम तेवीस-चोवीस. सलग दुसरी ड्यूटी करत होती. तिने पगार सांगितला तेव्हा मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांनीसुद्धा परिचारिकेला महिना 20 हजारांच्या खाली देऊ नये असं म्हटलं होतं. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं. तिचा आकडा त्या 20 हजारांच्या आसपासही नव्हता, आणि तिची मूळ प्रमाणपत्रं मालकांच्या कपाटात होती. "सोडून जाऊ नये म्हणून ठेवलीत," ती अगदी सहज म्हणाली. गावात तुम्ही एकट्या आणि शहरात ही अडकलेली. मला आधी वाटायचं शहरात तरी बरं असेल.

तिने बाबांच्या पायावरच्या पुसट निळ्या खुणा बघून विचारलं, "ह्या कुणी केल्या?" बाबा म्हणाले, "आमच्या सिस्टरने." तिने मान हलवली आणि म्हणाली, "चांगल्या शिकल्यात त्या." एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला दिलेली ती दाद होती. माझ्या सगळ्या शब्दांपेक्षा ती तुम्हाला जास्त आवडेल असं वाटतं, म्हणून मुद्दाम कळवतो.

12 मेला, परिचारिका दिनी, तुम्हाला गुलाबाची फुलं मिळतात, मेणबत्त्या लावल्या जातात, मंचावरून 'देवदूत' म्हणतात. मी तुम्हाला देवदूत म्हणणार नाही. देवदूताला भूक लागत नाही, घरी लेकरू नसतं, पाय सुजत नाहीत, त्यामुळे त्याला दुसरी जोडीदारीण द्यायची गरज कुणाला वाटत नाही. तुम्ही लातूरकडून इतक्या लांब नोकरीला आलेली एक बाई आहात, कामात पक्की आणि बोलायला माणसासारखी. सभ्यपणा असाच असतो बहुतेक, फार काही न बोलता आपल्या हातातलं थोडं काम समोरच्याला विश्वासाने देणारा. तो पैसे घेऊन शिकवता येत नाही. पण बारा तास एकटीला राबवून तो मारता मात्र येतो, आणि तो मरायच्या आत काहीतरी करायला हवं.

म्हणून आम्ही वाडीतल्या लोकांनी रुग्ण कल्याण समितीला अर्ज दिला आहे. मागण्या दोनच: रात्रपाळीला दुसरी परिचारिका आणि परिचारिकांसाठी आतून कडी लागणारी, संडास असलेली खोली. तुमचा उल्लेख कुठेही नाही, काळजी नसावी. पहिली सही आईची आहे, दुसरी दोरी बांधणाऱ्या भाऊंची. आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावतोय.

बाबा आता बरे आहेत. काठी लागत नाही. शेतात जाताना गमबूट घाला म्हणून आणून दिले, तर ते दाराआड तसेच कोरे पडलेत. पाय तापतात म्हणे. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तपासणीला येतील तेव्हा तेवढं एकदा तुम्ही दटावा.

आपला,
फुरसंवाल्या काकांचा मुलगा