तिबेट कार्ड खेळण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दलाई लामांच्या वारसाचा विषय निघाल्यापासून 'तिबेट कार्ड खेळा', 'चीनचं नाक दाबा' असा सूर सगळीकडे ऐकू येतोय. माझं बेळगावात खडे बाजारात कापडाचं दुकान आहे. थंडी सुरू झाली की उत्तर कन्नडातल्या मुंडगोडच्या निर्वासित वसाहतीतले तिबेटी स्वेटरवाले येतात आणि माझ्या शालींचा खप बसतो. लुधियानाचे व्यापारी त्यांना हंगामभर उधारीवर माल देतात, मला मात्र आगाऊ रकमेशिवाय गाठोडं सोडत नाहीत! तेव्हा हे पत्र काही प्रेमापोटी लिहीत नाही.

आमच्या समोर बसणाऱ्या बाईंचा जन्म मुंडगोडचा. कन्नड अस्खलित, घासाघीस मराठीतून. त्यांचा थोरला भाऊ १९८६ सालचा, या १९८९ च्या. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतरच्याला आईबापांपैकी एक तरी भारतीय लागतो. हा नियम तिबेटींनाही लागू आहे, या दिल्ली हायकोर्टाच्या २०१० च्या निकालामुळे भावाला पुढे पासपोर्ट मिळाला. बहीण अजून परदेशी. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं नोंदणीपत्र घेऊन त्या मुदत वाढवायला कचेरीत खेटे घालतात.

मुंडगोडची वसाहत १९६६ ची. तेव्हा म्हैसूर राज्याचे, म्हणजे आताच्या कर्नाटकाचे, मुख्यमंत्री निजलिंगप्पा. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची सवय नाही, पण या कामाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आसरा मनापासून दिला गेला, कायदा मात्र कधीच झाला नाही. निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही आणि देशाचा स्वतःचा निर्वासित कायदाही नाही.

मग काय होतं बघा. २०१४ च्या शपथविधीला निर्वासित तिबेटी सरकारचे प्रमुख लोबसांग सांगे यांना बोलावणं गेलं, २०१९ ला नाही. २०१८ मध्ये तिबेटींनी 'थँक यू इंडिया' कार्यक्रम ठरवला, तर तिकडे फिरकू नका असं सरकारकडून वरिष्ठ नेत्यांना आणि अधिकाऱ्यांना कळवण्यात आलं आणि दिल्लीतला सोहळा धरमशालेला हलवावा लागला. आभार मानायचीसुद्धा चोरी! ऑगस्ट २०२० मध्ये स्पेशल फ्रंटियर फोर्स या तिबेटी जवानांच्या भारतीय दलाचे न्यीमा तेनझिन लडाखमध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेले. शवपेटीवर तिरंगा होता आणि तिबेटचा झेंडाही. भाजपचे राम माधव अंत्यविधीला गेले, त्याबद्दल ट्विट केलं आणि नंतर ते काढून टाकलं.

चीनशी व्यवहार ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानातल्या चेनसुद्धा तिकडूनच येतात. तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं २००३ मध्ये वाजपेयी सरकारने मान्य केलं, त्यावरही मी वाद घालणार नाही. जमिनीच्या बाबतीत सरकारला कधी नमतं घ्यावं लागतं. पण ज्यांना आपणच घरात घेतलं, त्या माणसांचा सौदा कसा करणार? बीजिंगवर राग असला की त्यांना पुढे करायचं आणि बोलणी सुरू झाली की मागे ढकलायचं, याला मुत्सद्देगिरी म्हणवत नाही.

कायदा झाला तर उलट सरकारचीच सोय होईल. चीनने डोळे वटारले तर 'आमचा कायदा आहे, कोर्टं आहेत' म्हणता येईल. आश्रय देणं ही शांततेची, माणुसकीची कृती आहे, दुसऱ्या राष्ट्राने ती शत्रुत्वाची मानू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६७ मध्येच जाहीर केलंय.

'मग रोहिंग्यांनाही घ्यावं लागेल' असं कुणी म्हणेल. प्रत्येकाची चौकशी व्हावी. परत पाठवल्यास जिवाला धोका आहे की नाही, हे बघावं. त्यात धर्म किंवा शेजारी देशाची मर्जी येऊ नये. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्कराने सत्ता घेतल्यावर केंद्र नको म्हणत असताना मिझोरामने तिकडच्या लोकांना आसरा दिला. हे राज्याच्या हिमतीवर का सोडायचं?

शशी थरूर यांनी २०१५ ला आणि पुन्हा २०२२ ला लोकसभेत आश्रयाबाबत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयक मंजूर होणं किती अवघड, ते सांगायला नको. सरकारनेच स्वतःचं आणावं. बेळगाव, चिकोडी आणि उत्तर कन्नडच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, संसदेत एवढा एक प्रश्न विचारावा: तो कायदा कधी आणणार?

आपला,
एक कापड दुकानदार, खडे बाजार, बेळगाव