विजेचा शिंपी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर मी एका चित्रपटाचे नाव काढताच बाबा म्हणाले की, माणसे उडतात, इमारती कोसळतात, त्यात आपल्याला काय कळणार. फोनवर वाद घालण्यापेक्षा सविस्तर लिहावे, असे वाटले. सुपरहिरोंचे चित्रपट मलाही फारसे सोसत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरीही बेसिल जोसेफ यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिन्नल मुरली’ हा 2021 मधला मल्याळम चित्रपट तुम्ही दोघांनी पाहावा, अशी माझी इच्छा आहे. तो नेटफ्लिक्सवर हिंदीतही आहे, त्यामुळे पडद्यावरची बारीक अक्षरे वाचत बसावे लागणार नाही.

कुरुक्कनमूला नावाच्या केरळातल्या एका खेड्यात जेसन नावाचा तरुण शिंपीकाम करतो. आपल्या भागातली पोरे पुण्याकडे डोळे लावून बसतात, तसे त्याचे डोळे अमेरिकेकडे लागलेले असतात. एका रात्री त्याच्यावर वीज पडते आणि त्याच्या अंगात अचाट बळ येते. विजेने माणूस जगत नाही आणि जगला तरी असे काही होत नाही, असे बाबा लगेच म्हणतील. मृगाच्या आधी आभाळ गडगडू लागले की झाडाखालचे बैल सोडायला पावसात धावणाऱ्या माणसाने तसे म्हणणे रास्तच आहे. परंतु तेवढी एक गोष्ट मान्य केली, तर पुढचे सारे आपल्या ओळखीचे निघते. या वीराला शक्तींचा अर्थ समजावून सांगतो तो त्याचा लहानगा भाचा, आणि त्याची भांडणे होतात ती गावातल्या पोलिसांशी.

मला मात्र जेसनपेक्षा शिबू अधिक महत्त्वाचा वाटला. त्याच रात्री वीज त्याच्यावरही पडलेली असते. चहाच्या हॉटेलात राबणाऱ्या या माणसाला अख्खे गाव अर्धवट समजते, आणि तो वर्षानुवर्षे उषा नावाच्या एकाच बाईवर मनोमन जीव लावून असतो. ती लहान मुलीला घेऊन माहेरी परतलेली असते. त्या मुलीच्या उपचारांसाठी पैसा हवा, म्हणून शिबूचे पाऊल वाकडे पडते. एका प्रसंगात उषा त्याला होकार देते, तेव्हा गुरू सोमसुंदरम या नटाच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी दाटून येते. ओठ हसू पाहतात, हनुवटी थरथरते, आणि इतक्या वर्षांचा कोंडलेला माणूस तेवढ्यात बाहेर येतो. तो प्रसंग मी थांबवून पुन्हा पाहिला. पुढे काय होते ते सांगत नाही, कारण बाबांना गोष्ट आधी फोडलेली चालत नाही.

दोघांवर एकच वीज पडते, दोघेही गावाने हिणवलेले. मग एक जण रक्षक आणि दुसरा खलनायक का ठरतो? माझ्या मते जेसनला कुणीतरी पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेले असते आणि शिबूला तसे कुणीच मिळालेले नसते. गावाने ज्याला कधी माणसांत धरले नाही, त्याच्या हाती बळ आल्यावरच गावाला त्याची दखल घ्यावी लागते. म्हणूनच मारामारीची आवड नसणाऱ्यालाही हा चित्रपट धरून ठेवतो.

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे आणि पूर्वार्धातला विनोद काही ठिकाणी उगाच ताणलेला आहे, त्यामुळे दोन रात्रींत विभागून पाहिलात तरी चालेल. शेवटची झुंज मलाही लांबलेली वाटली. दादाने दिवाळीत टीव्हीला माझे खाते जोडून दिले आहेच.

पाहून झाल्यावर आई, उषाचे वागणे तुला पटते का, ते नक्की कळव. तिने शिबूला होकार दिला तो प्रेमाने की लेकीच्या काळजीपोटी, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

तुमची,
वैशाली