त्या दहांतले निम्मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फारच तापली होतीस. "बाबा, पुराव्याचे ढीग लागलेत, शेंबड्या पोरालाही दिसेल असा सिगारेटशी संबंध आहे, आणि समितीतली माणसं अजून 'पुरावा पुरेसा आहे का' याचा काथ्याकूट करतायत!" त्यात तुला कळलं की त्यांच्यातल्या दोघांच्या खिशात सिगारेटचं पाकीट असतं. "सिगारेट ओढणारा माणूस सिगारेटबद्दल काय खरं बोलणार?" असं म्हणून तू फोन ठेवलास. मी लगेच उलटा फोन करणार होतो, पण तुझी आई म्हणाली, "फोनवर तुम्ही तास घेता. त्यापेक्षा लिहा." म्हणून लिहितोय. तास टळेलच असं नाही.

तुझं ते शेवटचं वाक्य मला लागलं. कारण बरीच वर्षं तो माणूस मीच होतो.

१९६४ सालचा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या, सल्लागार समितीचा धूम्रपान आणि आरोग्य यांवरचा अहवाल मी वर्गात शिकवायचो. ३८७ पानांचा. एका गोष्टीमुळे दुसरी होते हे कधी म्हणायचं, हे पोरांना समजवायला त्याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही. आणि तास संपला की जिन्याखाली जाऊन एक पेटवायचो. एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग तुम्ही का ओढता?" वर्ग हसला. मी खडू उचलला, फळ्यावर 'फिशर' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वेळ मारून नेली.

रोनाल्ड फिशर म्हणजे आपल्या संख्याशास्त्रातलं दैवत. तू रोज वापरतेस त्यातल्या कितीतरी पद्धती त्याच्या. स्वतः पाइप ओढायचा, आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. त्याचं म्हणणं असं, की ज्या जनुकामुळे माणसाला ओढावंसं वाटतं, त्याच जनुकामुळे त्याला कॅन्सरही होत असेल. सिगारेट बिचारी मधल्या मध्ये बदनाम. शंका म्हणून वाईट नाही. पण १९५९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी तिला साध्या गणिताने गाठलं. ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि त्यामागे एखादा छुपा घटकच असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. एवढा ढळढळीत घटक कुणाच्याच नजरेला पडला नाही, तो कसा? हे उत्तर मला तोंडपाठ होतं. त्या दिवशी फळ्यावर ते मी लिहिलं नाही.

तर आता तुझी समिती. तुला वाटतं तुमचंच घोडं अडलंय. अगं, १९६२ साली अमेरिकेत समिती नेमली गेली तेव्हा मूळ संशोधन १२ वर्षांचं जुनं झालं होतं. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम, दोन्हीकडून एकच गोष्ट निघाली होती: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत सिगारेट ओढणारे भलतेच जास्त. यातले एव्हार्ट्स ग्रॅहम निष्णात शल्यचिकित्सक. कॅन्सर झालेलं अख्खं फुप्फुस काढून रोगी वाचवायची शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये यशस्वी केली होती. ते स्वतः ओढायचे. आकडे पाहून सोडली, आणि १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. पुढे डॉल आणि हिल यांनी इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही किती ओढता ते कळवा म्हणून. ४०,००० हून जास्त डॉक्टरांनी कळवलं. मग कोण कशाने जातंय याची नोंद ठेवत बसले. काम तसं साधंच, चिकाटीचं.

इकडे अमेरिकन कंपन्या गप्प नव्हत्या. ४ जानेवारी १९५४ ला त्यांनी ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं. सूर असा, की लोकांच्या आरोग्याची काळजी आम्हाला सगळ्यात आधी आहे, आम्ही संशोधनाला पैसा देऊ. 'अजून संशोधन हवं' हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या कामी आलं. पुढे १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्वच्छ लिहिलेलं सापडलं की शंका हाच आपला माल आहे. फिटावी म्हणून काढलेली शंका वेगळी आणि टिकावी म्हणून काढलेली वेगळी. तुझ्या समितीतले लोक काथ्याकूट करतायत म्हणतेस, तर त्यांची शंका कुठल्या जातीची आहे ते आधी बघ.

१९६१ मध्ये कॅन्सर, हृदयरोग, क्षय यांवर काम करणाऱ्या संस्थांनी अध्यक्ष केनेडींना पत्र लिहून आयोग मागितला. पुढच्या मे महिन्यात पत्रकार परिषदेत कुणीतरी थेट विचारलं, तेव्हा केनेडींनी शेअर बाजार आधीच अडचणीत आहे वगैरे म्हणून उत्तर टाळलं. पण प्रश्न आता चारचौघांत विचारला गेला होता. जूनमध्ये सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी समिती जाहीर केली.

ती समिती कशी निवडली ते मुद्दाम सांगतो. नावांची लांबलचक यादी केली आणि संबंधित सगळ्या संस्थांना दिली. त्यात तंबाखू उद्योगही होता! कुणालाही कुठल्याही नावावर काट मारायची मुभा. शिवाय या विषयावर ज्याने आधी जाहीर मत दिलंय तो बाद. कार्यकारी संचालक म्हणून नेमलेल्या एका शास्त्रज्ञाने वार्ताहराशी बोलताना पुरावा सिगारेटच्या विरोधात दिसतो असं म्हटलं, तर काम सुरू व्हायच्या आधीच त्याला जावं लागलं. म्हणजे खरं बोलला म्हणून गेला. मला आधी हे वाचून तुझ्यासारखाच संताप यायचा. आणि उरलेल्या दहा जणांतले निम्मे तंबाखू ओढणारे. बैठकीच्या टेबलावर त्यांचेच अ‍ॅशट्रे भरत असणार. टेरी स्वतःही सिगारेटवाले.

पण पुढे काय झालं बघ. अहवाल आला तेव्हा 'ही तर सिगारेटद्वेष्ट्यांची टोळी' असं कुणाला म्हणता येईना. ज्यांनी काट मारायची ती आधीच मारून झाली होती.

सोबत त्या अहवालातल्या एका तक्त्याची माझी जुनी झेरॉक्स पाठवतोय. संख्याशास्त्रज्ञ म्हणून समितीत विल्यम कॉक्रन होते. सात वेगवेगळ्या अभ्यासांतले ११ लाखांहून जास्त पुरुष त्यांनी एका तक्त्यात आणले. फुप्फुसाच्या कॅन्सरची ओळ वाच. सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूदर न ओढणाऱ्यांएवढाच असता तर त्यांच्यातले १७०.३ गेले असते. प्रत्यक्षात गेले १,८३३. (तो ०.३ माणूस कोण, हा माझा दरवर्षीचा विनोद. दरवर्षी तीच चार पोरं हसायची.) म्हणजे १०.८ पट. सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू धरले तर १५,६५४ अपेक्षित होते, झाले २६,२२३. हे सगळे पुरुष, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बायकांबद्दल अहवालात एवढंच, की आकडे कमी आहेत पण रोख त्याच दिशेला आहे.

एवढा आकडा हातात असूनही समितीने जे लिहिलं ते मला आजही थोर वाटतं. नुसत्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी कारण सिद्ध होत नाही, असं त्यांनी आधीच कबूल केलं. कारण आहे की नाही हा शेवटी निवाडा असतो, आणि तो शक्यतेच्या कुठल्याही आकड्यापलीकडचा असतो. मग निवाडा करताना काय पाहायचं तेही मांडलं: वेगवेगळ्या ठिकाणी तेच दिसतं का, संबंध किती जोरकस आहे, त्या रोगाशी नेमका आहे का, आधी काय आणि नंतर काय, आणि बाकीच्या ज्ञानाशी जुळतं का. एवढं पाहून मग 'संबंध आढळतो' असलं गुळमुळीत काही न लिहिता 'कारण' हाच शब्द वापरला. शंका संपली म्हणून नाही; उरलेल्या शंकेत आता दम नाही, असं दहा जणांनी मिळून ठरवलं म्हणून. त्यातल्या निम्म्यांनी ते स्वतःच्या खिशातल्या पाकिटाविरुद्ध ठरवलं. तुझ्या त्या दोघांना एवढी संधी द्यायला काय हरकत आहे?

ते चुकलेही. निकोटिनला त्यांनी व्यसन म्हटलं नाही, नुसती सवय म्हटलं. ती चूक सरकारी अहवालात दुरुस्त व्हायला १९८८ उजाडलं. मला कुणी विचारलं असतं तर तिसऱ्यांदा सोडून चौथ्यांदा पेटवताना मीच सांगितलं असतं की सवय चपला दाराबाहेर काढायची असते, ही ती नव्हे.

११ जानेवारी १९६४ ला अहवाल जाहीर झाला. मुद्दाम शनिवार निवडला, कारण शेअर बाजार बंद आणि रविवारची वर्तमानपत्रं जाडजूड. वार्ताहरांना सभागृहात कोंडून आधी वाचायला लावलं, मग प्रश्न. लोक हादरले, काही महिने सिगारेटचा खप घसरला, आणि पुन्हा वर आला. समितीचं काम फक्त धोका आहे की नाही ते ठरवायचं होतं. उपाय काय करायचे हा दुसरा टप्पा होता, तो कधी झालाच नाही. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने आठवडाभरात कडक इशाऱ्याचा प्रस्ताव मांडला, त्यात कॅन्सर आणि मृत्यू हे शब्द होते. संसदेतून निघेपर्यंत त्याचं पाणी झालं. १ जानेवारी १९६६ पासून पाकिटांवर छापून आलं की सिगारेट आरोग्याला घातक 'असू शकते'. समितीने 'कारण आहे' म्हटलं, कायद्याने 'असू शकते' म्हटलं. टीव्ही-रेडिओवरच्या जाहिराती जायला १९७१ उजाडलं.

म्हणून सांगतो, कागद समितीकडे देताना तुझं प्रत्येक वाक्य असं लिही की त्यात 'शकते' घुसवायला कुणाला फट सापडू नये. ते नंतर घुसवतीलच, पण ते त्यांनी घुसवलेलं आहे हे दिसलं पाहिजे. १९६५ मध्ये अमेरिकेतले ४२ टक्के प्रौढ ओढत होते, २०२२ मध्ये १२ टक्क्यांहून कमी. या ५७ वर्षांचं श्रेय एकट्या अहवालाचं नाही. पण मधल्या प्रत्येक भांडणात कुणीतरी ती ३८७ पानं टेबलावर आपटली असणार.

एक राहिलंच. त्या दहांत हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ लुई फीझर होते. एकामागून एक ओढणारे. धुरात काय काय असतं ते तपासणं त्यांच्या वाट्याचं काम. अहवालावर सही केली आणि ओढत राहिले. १९६५ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सोडली. त्यानंतर १९७७ पर्यंत जगले.

मी सोडली ती काही अहवाल वाचून नाही. तो तर पाठ होता. तू पाचवीत होतीस. मी उत्तरपत्रिका तपासत होतो, तू शेजारी बसून माझ्या थोटकांचे दहा-दहाचे गठ्ठे लावत होतीस. म्हणालीस, "बाबा, आज तीन वर उरले." तुला आठवत नसेल.

झेरॉक्सवर १,८३३ च्या शेजारी जे जळकं भोक आहे ते माझंच. वाचून झालं की पान परत पाठव, माझ्याकडे दुसरी प्रत नाही. आईची सांधेदुखी बरी आहे. समितीपुढे वाचायचा मसुदा आधी मला दाखव, तक्ते तरी तपासून देतो.

तुझा,
बाबा