नोंद खोडू नका, कंस करा

महोदय,

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तो कंपन्यांपुरता. गृहनिर्माण सोसायट्यांच्या तक्रारवह्या आणि दवाखान्यांतले केसपेपरही आता सॉफ्टवेअरमध्ये गेले आहेत. पण तिथे ‘नोंद लॉक होते’ याचा अर्थ बरेचदा एवढाच, की स्क्रीनवरचे ‘एडिट’ बटण लपवले आहे.

खरे कुलूप डेटाबेसमधल्या टेबलावर, म्हणजे नोंदी जिथे साठतात त्या ओळी-रकान्यांच्या तक्त्यावर लागते. सॉफ्टवेअर ज्या लॉगिनने डेटाबेसशी जोडले जाते, त्याला नोंदींच्या टेबलावर इन्सर्ट (नवी ओळ घालणे) आणि सिलेक्ट (वाचणे) एवढेच अधिकार असावेत. शिवाय ते लॉगिन टेबलाचे मालक नसावे. चूक नेमकी इथे होते, कारण मालक काढलेले अधिकार स्वतःला परत देऊ शकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जोडीला अपडेट-डिलीट (ओळ बदलणे-खोडणे) अडवणारा ट्रिगर, म्हणजे ठरावीक क्रिया होताना आपोआप चालणारा कोड, लावतात. तो ओळीगणिक चालणारा असेल, तर ट्रंकेट या आज्ञेने अख्खे टेबल रिकामे केले तरी त्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी स्टेटमेंट पातळीचा, म्हणजे आज्ञेगणिक एकदा चालणारा, वेगळा ट्रिगर हवा. नोंदी सभासदांच्या टेबलाशी ‘ऑन डिलीट कॅस्केड’ने जोडलेल्या असतील, तर फ्लॅट विकून गेलेल्याचे नाव काढताच त्याच्या साऱ्या तक्रारीही जातात, नोंदींवरचा डिलीटचा अधिकार काढलेला असला तरी! तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ ठेवावे, म्हणजे तक्रारी असेपर्यंत सभासदाची ओळ काढता येत नाही.

वेळ सर्व्हरने लावावी, मोबाइलने नव्हे. रकान्याला नुसती डीफॉल्ट वेळ देऊन भागत नाही, कारण इन्सर्ट करताना हवी ती वेळ घालता येते. म्हणून ती ट्रिगरमधूनच भरावी. वेळ टाइमझोनसह साठवावी. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे दोनची नोंद आदल्या दिवसाची दिसते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत तर टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प रकाना, वेगळे काही सांगितले नसेल तर, ओळ बदलताच आपोआप ताजी वेळ घेतो. मूळ वेळ गेलीच.

मग चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची? सातबाऱ्यावर करतात तशी. तिथे जुने नाव पुसत नाहीत; कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. डेटाबेसमध्येही दुरुस्ती ही नवी ओळ असावी, तिच्यात जुन्या ओळीचा क्रमांक, कारण आणि करणाऱ्याचे लॉगिन. आधार क्रमांक किंवा फोन नंबर मात्र अशा नोंदीच्या मजकुरात लिहू नयेत, वेगळ्या टेबलात ठेवावेत. एकदा पडले की काढता येत नाहीत.

इतके करूनही डेटाबेसचा सुपरयूजर, म्हणजे सर्व अधिकार असलेले लॉगिन, सगळे बदलू शकतो. त्याला अडवता येत नाही, पकडता येते. हॅश म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला ठसा; एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा हॅश, या ओळीचा मजकूर आणि वेळ यांवरून एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश साठवावा. रोज रात्री शेवटचा हॅश कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांना ईमेलने जावा. मधली एक ओळ बदलली, की पुढची साखळी तुटते. ती नव्याने बनवली, तर ईमेलमधल्या हॅशशी जुळत नाही. हा ईमेल सुपरयूजरच्याच खात्यात साठवणे म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवून ठेवणे.

सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला समोर बसवून, सॉफ्टवेअरच्याच लॉगिनने, जुन्या नोंदीवर अपडेटची आज्ञा चालवायला सांगावी. ‘परवानगी नाही’ असा एरर डेटाबेसकडून आला, तरच करारावर सही करावी.

— एक डेटाबेस प्रशासक, पुणे