बंड्या, डिसेंबरात ये

प्रिय बंड्या,

तुझ्या मेलना उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, त्या पोचल्या. माझी शुगर आहे तशीच, सुनीताची मान बरी. पुढे.

मुक्ताचं लग्न ठरलंय हे ग्रुपवर कळलंच असेल. खरी भानगड वेगळीय. अभ्याने जाहीर केलंय की रिसेप्शनला तो बोलणार. म्हणजे स्टेजवर उभं राहून, खुणांनी, आणि माइकवर मी सांगायचं. मुलाकडचे सज्जन आहेत, पण त्यांच्या आत्याबाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "त्यापेक्षा त्यांचा छानसा व्हिडिओ करू या का, खाली अक्षरं टाकून?" मला काही सुचेना. सुनीता म्हणाली, "माणूस हॉलमध्ये हजर असताना व्हिडिओ कशाला?" विषय तिथेच बंद झाला, पण माझ्या डोक्यात सुरूच आहे.

म्हणून परवा अभ्याला घेऊन परत आपला 'फोर वेडिंग्ज' पिक्चर पाहिला. चौथं लग्न आठवतंय ना, पाद्री विचारतो कुणाची हरकत आहे का, आणि मागून ठकठक. नवरदेवाचा भाऊ डेव्हिड. तो हातांनी बोलणार आणि ह्यू ग्रांटला, म्हणजे नवरदेव चार्ल्सला, स्वतःच्याच लग्नाविरुद्धची हरकत भर चर्चमध्ये मोठ्याने सांगावी लागणार, की नवरदेवाचं दुसरीवर प्रेम आहे असा याला संशय आहे. अभ्या पोट धरून हसला. डेव्हिड बोवर स्वतःच ऐकू न येणारा नट, ते अभ्या बोटांवरून लगेच ओळखतो. 'खामोशी' पाहताना म्हणाला होता, नाना भारी, पण हात बोबडे आहेत! आणि डेव्हिडची कुणी कीव करत नाही, तो वात्रट आहे, त्याच्यावर एक मुलगी भाळते आणि त्याच्याशी बोलायचं म्हणून खुणा शिकते. 1994 साली, लग्नाच्या कॉमेडीत!

हो हो, माहितीय तू काय म्हणणार. चार लग्नं, एक मयत आणि अख्ख्या लंडनात एक सावळा चेहरा धड दिसत नाही. लंडनात हॅरोला राहायला गेल्यापासून तर तुझी टेपच लागलीय. आता तुला घबाड देतो. 2022 मध्ये या पिक्चरचा लेखक रिचर्ड कर्टिस स्वतः अमेरिकन टीव्हीवर त्याच्याच 'लव्ह अ‍ॅक्च्युअली'बद्दल म्हणाला की त्यात विविधता नाही याने अवघडल्यासारखं होतं, जरा मूर्खासारखं वाटतं. आणि 2019 ला मिंडी केलिंगने 'फोर वेडिंग्ज'ची मालिका केली त्यात हिरो निकेश पटेल. झालं समाधान? पण पिक्चरमध्ये गॅरेथ गेल्यावर त्याचा जोडीदार मॅथ्यू ऑडनची कविता म्हणतो तेव्हा कोण रडत होतं, कॅसेटवाला की तू? धूर गेला म्हणे डोळ्यात. नंतर चार्ल्स म्हणतो ना, आपण सगळे बिनलग्नाचे म्हणून मिरवत राहिलो आणि आपल्यातलेच दोघं जवळजवळ नवराबायको होते हे दिसलंच नाही. इंग्लंडात दोन पुरुषांची लग्नं कायद्याने व्हायला 2014 उजाडलं. म्हणजे तुझा मुद्दा खरा असला तरी माझाही सोडणार नाही.

असो. काळजी अशी की मी आयुष्यभर अभ्याचं बोलणं गुळगुळीत करून सांगत आलोय. तो खुणेने म्हणणार "या बाई कधी जाणार", मी सांगणार "चहा आवडला म्हणतोय". त्याला ते माझ्या ओठांवरून कळतं आणि तो टेबलाखालून लाथ घालतो. परवा पिक्चर संपल्यावर मला म्हणाला, माइकवर तू नको, बंड्या पाहिजे, बंड्या खोटं सांगत नाही. वाड्यात सगळ्या घाण खुणा त्याने तुलाच आधी शिकवल्या होत्या ना, तो मान आहे तो. मला जरा लागलं, पण सुटकाही वाटली.

तर तूच ये. वहिनींचा गुडघा कसाय, रोहनला नोकरी लागली का, ते सगळं इथे आल्यावर सांग. डिसेंबरात विमानवाले लुटतात, लवकर बुक कर. आणि अभ्या आत्याबाईंबद्दल काही बोलला तर तेही जसंच्या तसं सांगायचं, जेवणं आधी उरकून घेऊ.

तुझा,
विन्या