आठ दशांश मिलिमीटर आखूड स्लीव्ह आणि तुमचं उत्तर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं नाव आणि पत्ता पाकिटावर आहे)

विषय: पुढच्या लोअर आर्मच्या पॉली बुश किटमधल्या आखूड स्लीव्ह आणि त्याबद्दल आलेलं उत्तर

महोदय,

तुमच्या सर्व्हिस विभागाचा ईमेल परवा मिळाला. माझ्या तक्रारीची त्यात तीन कारणं दिली आहेत. ग्रीस चुकीचं वापरलं, बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले, आणि "बसवणी अकुशल स्थानिक गॅरेजमध्ये झाल्याने वॉरंटी लागू नाही". मी स्लीव्हचं, म्हणजे बुशाच्या आतल्या लोखंडी नळीचं, माप कळवलं होतं, वर्नियरसकट (बारीक मापाच्या मोजपट्टीसकट) फोटो जोडले होते. त्याबद्दल ईमेलमध्ये अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

गाडी 2012 ची ऑडी टीटी. पुण्याहून जुनी घेतलेली, 74,000 किलोमीटर झालेली. सोलापुरात अशी गाडी बाळगणारा एक तर हौशी असतो नाहीतर खुळा. आमचे वडील मला दुसऱ्यात धरतात. दिवाळीच्या सुमारास ती हातात राहीनाशी झाली. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं, ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची, स्पीड ब्रेकरवर पुढून दणका ऐकू यायचा. अलाइनमेंट करून आणलं की पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे, आणि पुढच्या टायरांची आतली कड झिजत चाललेली. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन लोअर आर्मला, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, टॉमी (लोखंडी कांब) लावली, तर आर्म बोटभर मागंपुढं हलत होता. आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या बुशाचं रबर फाटून आतली नळी मोकळी झाली होती. तेरा वर्षांचं रबर आणि त्यात आमच्याकडचा उन्हाळा, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता बदलायचंच आहे तर जरा बरं काही घालू, म्हणून तुमचं पॉली, म्हणजे रबरापेक्षा कडक पॉलीयुरेथेनच्या बुशांचं, किट मागवलं. पुढच्या आर्मची पुढची दोन बुश आणि स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) दोन. मागचं मोठं बुश मिस्त्रींच्या सल्ल्याने रबराचंच नवं टाकलं. ते म्हणाले, "सगळंच कडक केलं तर साहेब, रस्त्यावरचा प्रत्येक खडा तुमच्या मणक्यात मोजला जाईल."

स्टॅबिलायझर बारची बुश उत्तम निघाली, खोटं कशाला बोलू. तक्रार आहे ती आर्मच्या बुशांची.

किटच्या पाकिटात ग्रीसची पुडी नव्हती. तुमच्या नंबरावर विचारलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "कोई भी ग्रीस चलेगा." मिस्त्रींनी ते वाचून मान हलवली. नेहमीचं खनिज तेलाचं ग्रीस पॉलीयुरेथेनला मानवेलच असं नाही, सिलिकॉनचंच लावायचं, असं त्यांचं म्हणणं. तसं ते तुमच्याच किटमधल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलंही आहे. सिलिकॉन ग्रीस पुण्याहून यायला दोन दिवस लागले, तेवढे दिवस गाडी जॅकस्टँडवर होती. त्याचं बिल सोबत आहे. ज्या माणसाने तुमचा चुकीचा सल्ला मोडून बरोबर ग्रीस वापरलं, त्यालाच तुम्ही चुकीच्या ग्रीसबद्दल अकुशल ठरवलंत.

दुसरा मुद्दा बोल्टांचा. गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट आवळायचे हा नियम रबराच्या बुशाचा. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं, आर्म वरखाली झाला की ते पिळलं जातं. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला तर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचं पॉली बुश कुठेच चिकटवलेलं नाही. आतली लोखंडी स्लीव्ह सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडतात त्या सांगाड्याच्या) दोन कानांमध्ये बोल्टाने घट्ट धरली जाते आणि बुश त्या स्लीव्हभोवती फिरतं. त्यात पिळलं जाण्यासारखं काही नाहीच. तरीही मिस्त्रींनी बोल्ट रॅम्पवर, चाकांवर वजन देऊनच आवळले, कारण त्याच आर्मला मागे रबराचं बुश होतं. पॉली बुश विकणाऱ्या कंपनीला रबराच्या बुशाचा नियम उत्तरादाखल द्यावा लागतो, हे वाचून मिस्त्री फक्त हसले. मला हसू आलं नाही.

बुश स्लीव्हभोवती फिरायचं असेल तर स्लीव्ह बुशाच्या दोन अर्ध्यांच्या एकत्र जाडीपेक्षा केसभर तरी लांब हवी. म्हणजे बोल्टाचा दाब लोखंडावर पडतो आणि बुश मोकळं राहतं. तुमच्या बुशाची जाडी भरली 48.0 मिलिमीटर. स्लीव्ह उजवीकडची 47.3, डावीकडची 47.2. म्हणजे बोल्टाचा सगळा दाब बुशाच्या कॉलरवर, त्याच्या बाहेर आलेल्या कडेवर. फिरायला हवं ते बुशच कानांमध्ये चिमटून बसलं.

व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवसापासून पुढून करकर. छोट्या खडबडीवर गाडी आदळायची, आणि जॅकवरून खाली घेतली की डावी बाजू आठ-दहा मिलिमीटर वरच राहायची, वीसएक किलोमीटर चालवल्यावर बसायची. "पॉली सुरुवातीला कडक वाटतं, सेट व्हायला वेळ द्या," असं तुमच्याकडून सांगितलं गेलं. दिला वेळ. सहा आठवडे दिला.

मग प्लॅस्टिकच्या कॉलरवर आवळलेला बोल्ट हळूहळू ढिला पडला, कारण पॉली दाबाखाली सरकतं, लोखंड सरकत नाही. हे मला कळलं तुळजापूरच्या घाटात. मंडळींना देवीच्या दर्शनाला घेऊन गेलो होतो. परतीच्या उतारावर, वळणात ब्रेक दाबल्यावर पुढून 'टक्' झालं आणि स्टिअरिंगने डावीकडे झटका घेतला. वेग चाळीसही नव्हता. समोरून एसटी येत होती, तिच्या ड्रायव्हरने वेळीच बाजू दिली. बायको काही बोलली नाही, पण सोलापूर येईपर्यंत तिने दाराचं हँडल सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आर्म उघडला. कॉलर दाबून काचेसारखी गुळगुळीत झालेली. तेव्हा वर्नियर लावला आणि वरची मापं मिळाली.

मी टॉवेलच्या धंद्यात आहे. आमच्या मालाची लांबी ठरल्यापेक्षा जराशी कमी भरली तर परदेशातलं गिऱ्हाईक पूर्ण कंटेनर परत पाठवतं, आणि "विणकर अकुशल होता" असं त्याला सांगता येत नाही. म्हणून मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. तिथे एक लेथवाले आमच्या लूमचे शाफ्ट आणि बुश करून देतात. त्यांनी तुमची स्लीव्ह हातात घेतली, वर्नियर लावला आणि विचारलं, "हे कुणी कापलं? घाईत दिसतंय." 48.4 च्या दोन नव्या स्लीव्ह त्यांनी त्याच संध्याकाळी काढून दिल्या, दोन्ही तोंडं घासून सरळ करून.

त्याच मिस्त्रींनी, त्याच गॅरेजमध्ये, तेच ग्रीस लावून, तुमचीच बुश पुन्हा बसवली. फक्त स्लीव्ह बदलल्या. त्यानंतर गाडी 2,300 किलोमीटर चालली आहे. करकर नाही, टकटक नाही, दोन्ही बाजू सारख्या बसतात, अलाइनमेंट जागच्या जागी आहे. विजापूर रोडवर ट्रकला ओलांडताना स्टिअरिंग वळवलं तेवढीच गाडी वळते आणि सरळ केलं की सरळ होते. गाडी अशी चालू शकते हे मला तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं. बुशाचं तुमचं मटेरियल चांगलं आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच राग जास्त आहे.

बुशाचे पैसे मी परत मागत नाही. दुसऱ्यांदा जे करावं लागलं त्याचे मागतो. स्लीव्ह 1,400 रुपये, मजुरी 4,500, नवे बोल्ट 3,200 (हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, उघडले की नवेच घालावे लागतात) आणि अलाइनमेंट 1,800. एकूण 10,900 रुपये. शिवाय कॉलर दबलेल्या बुशांच्या जागी योग्य स्लीव्हसह नवा जोड हवा.

दुसरं, या मापाच्या स्लीव्ह आणखी किती जणांना गेल्या आहेत ते शोधून त्यांना कळवा. माझ्या मिस्त्रींना टकटक ऐकून आर्म उघडावासा वाटला. सगळीकडे असा मिस्त्री असेलच असं नाही, आणि सगळ्यांचा वेग चाळीसच्या आत असेल असंही नाही.

तिसरं, "अकुशल स्थानिक गॅरेज" हे शब्द लेखी मागे घ्या. मिस्त्रींना मी तो ईमेल वाचून दाखवला ही माझी चूक झाली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून दुसऱ्या वेळची मजुरी घ्यायला नकार दिला, ती मी बळेच त्यांच्या गल्ल्यात टाकली.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तुमची पोच सातव्या दिवशी आली. हे पत्र मिळाल्यापासून महिना मोजतो. पुढे काही झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मला सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि एवढ्या रकमेला तिथे फी लागत नाही. तुमच्या वकिलांना मात्र इथवर यावं लागेल.

सोबत: किटचं बिल, ग्रीसचं बिल, व्हॉट्सॲप संदेशाची छापील प्रत, दोन्ही वेळची गॅरेजची बिलं, लेथचं बिल, अलाइनमेंटचे चार रिपोर्ट, मापांचे फोटो.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर

ता. क. काढलेल्या दोन्ही स्लीव्ह तपासणीसाठी कुरिअरने पाठवा, असं तुमच्या ईमेलच्या शेवटी आहे. त्या पाठवणार नाही. बिस्किटांच्या डब्यात, ग्रीस पुसून, कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. तुमचा माणूस स्वतःचा वर्नियर घेऊन इथे येऊ दे, मिस्त्रींच्या समोर मोजू. चहा आमच्याकडून.